अण्णांची पांढरी

बोरगावच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी माझ्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं होतं, अंतरपाट धरलेले दोघं तो खाली घ्यायच्या बेतात होते, आणि बटण दाबल्यावर नेहमीच्या आवाजाऐवजी आतून काहीतरी चिरडल्यासारखं वाजलं. मागच्या पडद्यावर एक आकडा उमटला. त्या आकड्याचा अर्थ मला पुस्तकात बघायची गरज नव्हती. मी कॅमेरा बंद करून चालू केला, बॅटरी काढून परत घातली, तळहाताने हलकी थाप मारून पाहिली. तोवर अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, हारही घालून झाले. पिशवीतला जुना कॅमेरा काढून मी पुढचं उरकलं. नवरानवरीला घातलेले हार काढायला लावून पुन्हा घालायला लावले. त्यांनी ते हसत हसत केलं. मी नुसतं बटण दाबत राहिलो.

दोष कुणाचाच नव्हता. शटरला ठरावीक आयुष्य असतं, तेवढे फोटो काढून झाले की ते कधीही दगा देतं, आणि माझ्या शटरचं आयुष्य सरून दोन मोसम झाले होते. या मुहूर्ताला घेऊ, पुढच्या मुहूर्ताला घेऊ, असं करत मीच ढकलत आणलं होतं. मला रागसुद्धा आला नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या लग्नात उभं राहिल्यावर रागबिग येत नाही, कुठेतरी भिंतीला पाठ टेकून बसावंसं वाटतं.

आमच्या धंद्यात नुसत्या कॅमेऱ्याला बॉडी म्हणतात, कारण लेन्स निराळी घ्यावी लागते. नवी बॉडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, लाल की पिवळी. मोठ्या कंपन्या दोन. एकीच्या गळपट्ट्यावर लाल अक्षरं, दुसरीच्या गळपट्ट्यावर पिवळी. निपाणी-बेळगाव भागात कंपनीचं नाव कुणी घेत नाही. ‘त्यो लालवाला’, ‘ह्यो आता पिवळ्यात गेला’ असं पक्ष बदलल्यासारखं बोलतात. एकीची लेन्स दुसरीच्या बॉडीला बसत नाही. मध्ये घालायची एक कडी मिळते, पण तिच्यातून फोकस इतक्या सावकाश होतो की तोवर नवरी सासरी पोचते. त्यामुळे कंपनी बदलायची म्हणजे लेन्सा बदलायच्या, बॅटऱ्या बदलायच्या, आणि ज्यांच्याकडे ऐनवेळी एखादी वस्तू मागायला जायचं ती माणसंही बदलायची. निपाणीतले माझ्या वयाचे आम्ही सगळे मुळात लालवाले. कारण आमचे अण्णा लालवाले होते.

बॉडी निवडण्यासाठी मी महिनाभर फोनवर व्हिडिओ बघितले. त्यात एक गोरागोमटा माणूस दोन्ही कंपन्यांच्या बॉड्या टेबलावर मांडून तासभर बोलतो, मग बागेत जाऊन गुलाबाचा फोटो काढतो, कॉफीच्या कपाचा काढतो, आणि दोन्ही उत्तम आहेत असं सांगून मोकळा होतो. गुलाब एका जागी उभा असतो. त्याला आत्याबाई येऊन मिठी मारत नाही. हिरव्या ताडपत्रीखाली उभं राहून, सगळ्यांची तोंडं हिरवी दिसत असताना, शंभर माणसं आपापले फोन उंचावून आपल्या आडवी आलेली असताना कुठली बॉडी चांगली, हे मला कुणी सांगेना. शेवटी मी एका वहीच्या मागच्या पानावर उभी रेघ मारली. डावीकडे लाल, उजवीकडे पिवळी.

उजवी बाजू भराभर भरत गेली. पिवळी बॉडी हलकी. माझी मान दोन वर्षांपासून गेलेली आहे, डॉक्टरांनी दिलेला पट्टा मी घरात घालतो आणि लग्नात काढून ठेवतो, कारण गळ्यात पट्टा घातलेला फोटोग्राफर बघून वरमाई घाबरते. शिवाय पिवळीत कमी उजेडातही फोटो स्वच्छ येतो. हे सगळ्यात मोठं. अलीकडची कार्यालयं म्हणजे बंद पेट्या झाल्या आहेत, खिडक्या नाहीत, आणि स्टेजवर जांभळे-निळे दिवे. माझ्या जुन्या बॉडीने तिथे काढलेल्या फोटोत बारीक दाणे दिसायचे.

आमच्या घरात फोटो मी काढतो आणि निस्तरते बायको. अल्बमची सगळी जुळणी तिची. कॉम्प्युटरपुढे बसून एकेक चेहरा साफ करायचा, हिरवी माणसं परत माणसाच्या रंगाची करायची, हे काम ती गेली दहा-बारा वर्षं करते आहे. आता तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात. एक दिवस तिने मला हाक मारून पडद्याजवळ बोलावलं.

“ह्या नवरीकडं बघा जरा. गालावर रवा सांडल्यागत दिसतंय का न्हाय?”

“हॉलच तसला होता. उजेडच न्हवता तिथं.”

“हॉल बदलणार हाय काय आता? तुमी बटण दाबून मोकळं हुता. रवा मी वेचत बसते.”

ती रागावून बोलली नव्हती. तिचा आवाज नुसता थकलेला होता. मी बाहेर आलो आणि वहीत उजव्या बाजूला लिहिलं, ‘हिचे डोळे’.

डाव्या बाजूला, लालच्या खाली, दोनच ओळी होत्या. पहिली, ‘बटणं पाठ आहेत’. दुसरी, ‘अण्णांची पांढरी’.

अण्णा म्हणजे माझे या धंद्यातले गुरू. त्यांच्या स्टुडिओत मी रोल भरायला शिकलो, आणि त्याआधी वर्षभर नुसता दिवा धरून उभा राहिलो. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा अण्णांनी हौसेने लाल कंपनीची एक मोठी पांढऱ्या रंगाची लेन्स घेतली. लांबून, गर्दीच्या डोक्यावरून नवरीचा चेहरा ओढून आणणारी. आमच्या भागात तशी लेन्स तेव्हा कुणाकडेच नव्हती. पण दोन-तीन मोसम झाले नाहीत तोच अण्णांचे हात थरथरायला लागले. स्टुडिओ बंद झाला, बॉड्या विकल्या, पांढरी मात्र त्यांनी ठेवली. आणि आम्हा शिष्यांना मुहूर्ताच्या दिवशी ती न्यायला मोकळीक दिली.

भाडं कधी घेतलं नाही. अट एकच. ज्याला पाहिजे त्याने सकाळी स्वतः यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आणून द्यायची. दुसऱ्याच्या हाती पाठवलेली चालायची नाही. गेल्यावर पहिला चहा. मग अण्णा लेन्स खिडकीपाशी न्यायचे, उजेडात धरायचे, आणि देणारा-घेणारा दोघांनी मिळून काचेवर ओरखडा, बुरशी, धूळ आहे का बघायचं. “साफ हाय,” असं अण्णा म्हणाले की देवघेव पूर्ण झाली. परत देतानाही असंच. मोठ्या तिथीला आम्ही पाच-सहा जण त्यांच्या ओसरीवर बसलेले असायचो. कुणाचा हॉल मोठा, कुणाची गर्दी जास्त, हे विचारून अण्णा ठरवायचे लेन्स कुणाला द्यायची. बाकीचे नुसता चहा पिऊन जायचे, पण जाताना तेही काहीतरी घेऊन जायचे. कारण अण्णा लग्न कुठे आहे ते विचारायचे, आणि या पट्ट्यातल्या एकूण एक कार्यालयाचा उजेड त्यांना पाठ होता.

“काकतीला हाय व्हय? हायवेच्या कडंचं? त्येचं स्टेज उत्तरंकडं तोंड करून हाय. दुपारी उजव्या अंगानं ऊन येतंय. डाव्या हाताला हुबा ऱ्हा.”

आणि मग विचारायचे, “मुलीकडची माणसं कुणीकडची?”

हा प्रश्न का, ते मी फार आधी, स्वतःची फजिती करून घेऊन शिकलो होतो. मी नवखा असताना अण्णांनी मला एका कन्नड घरच्या लग्नात स्टेजवर उभं केलं होतं. माझ्या डोक्यात आपली पद्धत. मंगलाष्टकं होणार, अंतरपाट निघणार, अक्षता पडणार, तेव्हा बटण दाबायचं. मी अंतरपाटाची वाट बघत राहिलो. अंतरपाट कुणी आणेना. भटजींचं आपलं काहीतरी चाललेलं. मी म्हटलं अजून अवकाश आहे, तोवर रोल बदलून घेऊ. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि वाजंत्री एकदम जोरात कडाडली, चारी बाजूंनी अक्षता आल्या, माझ्या उघड्या कॅमेऱ्यातसुद्धा चार तांदूळ पडले. नवऱ्याने ताळी बांधली होती. त्यांच्यात लग्न लागतं ते ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना.  तेवढ्यात बघतो तर म्हाताऱ्या माणसांच्या मागून, एका खुर्चीवर उभे राहून अण्णांनी तीन फोटो घेतले होते. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. घरी जाताना फक्त म्हणाले, “आदी इचारायचं. मुलीकडची कुणीकडची.” आमच्याकडे निम्म्या लग्नांत एक घर मराठी आणि एक कन्नड असतं, कधी दोन्ही पद्धती एकामागून एक होतात, आणि कुठली आधी हे विचारल्याशिवाय मी आजही स्टेजवर पाय ठेवत नाही.

तर ही पांढरी. मधल्या वर्षांत एकेक शिष्य पिवळ्यात गेला, कुणी आत आरसाच नसलेल्या, बिनआरशाच्या नव्या महागड्या कॅमेऱ्यांवर गेला, एकाने ड्रोन घेतलं आणि तो आता जमिनीवर बघतच नाही. अण्णांच्या ओसरीवर गर्दी कमी होत होत शेवटी मी एकटा उरलो. त्यांचा मुलगा बेळगावला नोकरीला, सकाळच्या बसने जातो. सून शाळेत शिक्षिका. दिवसभर अण्णा घरात एकटे. मुहूर्ताच्या सकाळी कुणीतरी लेन्स मागायला येतं, एवढाच त्यांचा धंदा उरला होता, आणि तो माझ्या एकट्याच्या लाल बॉडीवर चालला होता. मी पिवळी घेतली की त्यांच्या दारात कुणी येणार नव्हतं. वहीच्या त्या पानावर दुसरं काहीही लिहिलेलं असलं तरी मी निवड करत होतो ती ह्याचीच, आणि हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मी वही मिटली आणि बेळगावला गेलो.

खडेबाजारच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. दुकानदार मूळचा कन्नड, मराठी झकास बोलतो. त्याने दोन्ही बॉड्या माझ्यापुढे ठेवल्या. आधी मी लाल उचलली. डोळे मिटून मला तिची सगळी बटणं सापडत होती, बोटं आपोआप जागच्या जागी जात होती. मग पिवळी उचलली. बोटं चुकली, पण मान सुखावली. दुकानाच्या आत एक अंधारी खोली होती, खोकी ठेवायची. तिथे जाऊन मी दोन्हींनी एकेक फोटो काढला आणि बाहेर येऊन मोठा करून बघितला. लालच्या फोटोत खोक्यांवर थोडा रवा होता. पिवळीच्या फोटोत खोक्यावरची छपाईसुद्धा वाचता येत होती.

“सर, खरं सांगू का,” दुकानदार म्हणाला, “दोन्ही कंपन्या आता बिनआरशाच्याच बॉड्या काढायल्यात. ह्ये आरशाचं आता संपत आलं री.”

“ते माझ्या खिशात बसत न्हाय.”

“अजून किती वर्षं करणार तुम्ही ह्ये काम?”

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी जरा विचार करून म्हणालो, “पाच. लई झालं तर सहा.”

“मग ह्ये बास होतंय,” असं म्हणून त्याने पिवळी माझ्याकडे सरकवली.

माझ्या लाल लेन्सा त्याने तिथेच ठेवून घेतल्या आणि त्यांच्या बदल्यात वापरलेल्या पिवळ्या दिल्या, त्यात एक लांबची. लेन्सा द्यायला हात जड झाला वगैरे काही नाही. मला घरी जायचं होतं. परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो तेव्हा ती खरंच हलकी लागत होती आणि मला बरं वाटत होतं. अण्णांचा विचार आला नाही असं नाही. संकेश्वर येईपर्यंत मी त्यांना कसं सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं. मान, डोळे, हॉलमधला उजेड. कुणालाही पटेल असंच सगळं होतं.

पुढच्या मुहूर्ताला सकाळी सात वाजता मी सांगायला म्हणून गेलो. अण्णा ओसरीवर आलेलेच होते. पांढरी आतून आणून, पुसून, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेली होती.

“ये. च्या टाकलाय. कुठं हाय आज?”

मी कुठे ते सांगितलं. त्यांनी तिथला उजेड सांगितला. चहा झाला. लेन्स खिडकीत धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काचेकडे बघितलं. “साफ हाय,” ते म्हणाले. मी ती पिशवीत घातली आणि चालू पडलो. माझ्या बॉडीला न बसणारी दीड किलोची लेन्स मी दिवसभर खांद्यावर वागवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत नेऊन दिली.

“काम झालं काय हिच्यानं?”

“झालं की.”

हे एकदा झालं. मग दुसऱ्यांदा झालं. मग त्या मोसमात किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी वाटेत ठरवायचो, आज बोलायचं. दर वेळी चहा यायचा. मी भित्रा आहे हे मला नव्याने कळलं नाही, पण इतक्या सकाळी आणि इतक्या नेमाने मी भित्रा असू शकतो हे नवीन होतं.

बायको म्हणाली, “वरातीला न्यावं तसं तुमी त्या लेन्सला न्हेताय आणि आणताय. सांगून टाका की एकदाचं. एकदाच वाईट वाटंल त्यास्नी.”

“सांगतो.”

“मागल्या म्हैन्यात बी हेच म्हणलासा.”

तिला मी दुसरं कारण सांगितलं नाही. अण्णांना वाईट वाटेल हे खरंच होतं, पण निम्मंच. मला तिथे जायला आवडत होतं. माझं वय आता पन्नास. लग्नघरी सगळे मला विचारतात, कुठे उभं राहू, हात कुठे ठेवू, हसू की नको. मी सांगतो आणि लोक ऐकतात. मी कुठे उभं राहायचं हे सांगणारं जगात एकच घर होतं, आणि तिथे जायचं तर ती लेन्स मागावी लागत होती.

वैशाखात काकतीला एक लग्न होतं. मुलीच्या बापाच्या लग्नाचे फोटो अण्णांनी काढलेले, पण मला ते ठाऊक नव्हतं. सकाळी मी पांढरी घेऊन आलो तेव्हा अण्णा काही बोलले नव्हते. नवरीच्या आजोबांनी ऐनवेळी गाडी पाठवून त्यांना बोलावून घेतलं, हे मागाहून कळलं. मंगलाष्टकं सुरू व्हायला थोडा अवकाश होता. मी लांबची लेन्स लावून पाहुण्यांचे चेहरे टिपत होतो, ओळीने, उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या रांगेत आलो आणि चौकटीत अण्णा आले.

ते कॅमेऱ्याकडेच बघत होते. लोक कॅमेऱ्याकडे कसे बघतात ते मी आयुष्यभर बघत आलोय, कुणी ताठ होतं, कुणी केस सारखे करतं. अण्णांचं तसं नव्हतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या बॉडीकडे बघत होते, लेन्सकडे बघत होते, गळ्यातल्या पट्ट्यावरच्या पिवळ्या अक्षरांकडे बघत होते. त्यांची पांढरी माझ्या पिशवीत, स्टेजच्या पायऱ्यांखाली पडलेली होती. मला वाटलं, ती बाहेर काढावी आणि नुसती हातात धरून उभं राहावं. इतका वेडा विचार मला त्या क्षणी अगदी सहज सुचला. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला कामाला लागावं लागलं. अक्षता पडल्या तेव्हाचा फोटो मी काढला. तो नीट आला. हात कसे चालले ते मला सांगता येणार नाही.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी अण्णा भेटले. मी समोर उभा राहिलो. त्यांनी थरथरता हात खांद्यावरच्या टॉवेलला पुसला.

“डाव्या अंगाला हुबा राह्यलास. बरं केलंस,” एवढंच बोलून ते गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेन्स द्यायला गेलो. अट अट होती, स्वतःच द्यायची. चहा झाला. अण्णांनी लेन्स घेतली, खिडकीत धरली, नेहमीसारखी हळूहळू फिरवली. मीही शेजारी उभा राहून काचेत बघितलं.

“साफ हाय,” ते म्हणाले.

“अण्णा, तुमी काल बघितलंसा.”

“बघितलं.”

“मी सांगणार हुतो. लई दिवस झालं, सांगीन म्हणत हुतो.”

अण्णांनी लेन्स टेबलावर ठेवली. “संक्रांतीला एकजण तिळगूळ द्याला आलता, त्यो म्हणाला मला. तू पिवळी घेतलीस म्हणून. तवाच कळलंतं.”

मी हिशेब केला. संक्रांत होऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत मी इथे बसून ‘झालं की, पांढरीनं झकास काम झालं’ असं सांगत होतो, आणि अण्णा मान हलवून ऐकत होते.

“मग बोलला न्हाईसा का?”

“बोललो असतो तर तू आला असतास काय?”

  मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त, सुटल्यासारखं वाटत होतं. तेही मला आवडलं नाही.

“आता न्हेऊ नगं,” अण्णा म्हणाले. “उगंच वझं. मान धरत्या तुझी. येत जा तसाच. मोकळा ये.”

“येतो की, अण्णा.”

मनापासून म्हणालो. निघताना त्यांनी पुढच्या लग्नाचं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी तिथला उजेड सांगितला. बाहेर आलो तेव्हा सकाळचे आठही वाजले नव्हते, आणि घरी येऊन मी बायकोला सांगितलं की सगळं नीट झालं. ती म्हणाली, मी सांगत न्हवते?

पुढच्या मुहूर्ताला सकाळी जाग आली तेव्हा साडेसहा झाले होते. लेन्स आणायची असती तर उठलोच असतो. मानेखाली उशी सारखी केली आणि म्हटलं अर्धा तास पडू. त्याच्या पुढच्या वेळी फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या राहिल्या होत्या. त्याच्या पुढच्या वेळी काहीच नव्हतं, नुसतं गेलो नाही. अण्णांनी फोन केला नाही. त्यांनी कधीच केला नव्हता, त्यांच्याकडे लोक यायचे. मग आषाढ लागला, मुहूर्त बंद झाले. आता मोकळा वेळच वेळ, आता एक दिवस निवांत जाऊ, असं म्हणत मी पावसाळाभर घरात बसलो. हिच्या डोळ्यांतले थेंब दिवसाला दोनवर आले. नव्या बॉडीने ते काम मात्र चोख केलं.

श्रावणात बाजारात अण्णांची सून भेटली. हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा होता. अण्णा कसे आहेत विचारलं.

“बरं हायती. मोसम संपेस्तवर मुहूर्ताच्या दिवशी साडेपाचलाच उठायचे बघा. पंचांग बघून. मी म्हणायची, मामंजी, आता कशाला एवढ्या लवकर? काय बोलायचे न्हाईत. च्या तेवढा जादा टाकाय लावायचे.”

“मी येतो म्हणावं,” मी म्हणालो. “ह्या आठवड्यातच येतो.”

“या की,” ती म्हणाली आणि वह्या सावरत निघून गेली.  कुठली भाजी घ्यायला आलो होतो तेच आठवेना.

आता तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू होतील. मला पहिलीच तारीख येळ्ळूरची आली आहे. मुलीकडची माणसं कन्नड, कार्यालय नवीन, मी तिथे आजवर काम केलेलं नाही, आणि तिथे उजेड कुठून येतो ते मला ठाऊक नाही. फोन केला तर अण्णा दोन मिनिटांत सांगतील. पण फोन करायचा नाही, समोर जाऊनच विचारायचं, असं मी ठरवलं आहे. गेले पंधरा दिवस मी हे ठरवतो आहे.